ऊद, उदबत्ती आणि एक रिकामा रकाना

(तरुणांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला बोलावलं तेव्हा संयोजकांना वाटलं असणार की मी डेटा, प्रायव्हसी, एआय असं काहीतरी बोलेन. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर तेच करतो. पण आज मला वाद्यांच्या नावांबद्दल बोलायचंय. संगीत जायज आहे की नाही, हा प्रश्न चहाच्या वेळी कुणीतरी विचारणारच. त्यावर चहाच्या वेळीच बोलू.

आमच्या घरी गुरुवारी मगरिबनंतर अम्मी ऊद-लोबान जाळायची. त्याच सुमारास समोरच्या काकूंच्या देवघरात उदबत्ती लागायची. दोन्ही वास जिन्यात एकमेकांत मिसळायचे आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा दोघींच्या नावाने खोकायचे. उदबत्तीतला 'उद' आणि अम्मीच्या धुपाटण्यातला ऊद हा एकच शब्द आहे, हे मला फार उशिरा कळलं. शब्द अरबी आहे. अरबीत ऊद म्हणजे लाकूड, काडी. सुगंधी लाकडालाही ऊदच म्हणतात. आपल्याकडे येता येता तो धुपाच्या राळेला चिकटला आणि मग काडीला. बगदादपासून मोरोक्कोपर्यंत मात्र ऊद म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाद्य येतं. पातळ लाकडी पट्ट्या जोडून केलेलं, उभ्या चिरलेल्या पेअरसारखं पोट, आखूड मान, मागे मोडल्यासारखं वळलेलं डोकं. हेच वाद्य अंदालुसियातून युरोपात गेलं तेव्हा नावातला 'अल' सोबत गेला. 'अल-ऊद'चं पोर्तुगीजमध्ये 'अलाउदे' झालं. तिथे 'अल' शाबूत आहे. स्पॅनिशमध्ये 'लाउद', फ्रेंचमध्ये 'ल्यूत', इंग्रजीत 'ल्यूट' होईपर्यंत त्यातला फक्त 'ल' शिल्लक राहिला. फ्रेंचमध्ये व्हायोलिन बनवणाऱ्याला आजही 'ल्यूतिए' म्हणतात, म्हणजे ल्यूटवाला. वाद्य मागे पडलं, धंद्याचं नाव राहिलं.

आता मी यात कसा पडलो ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी एका छोट्या खासगी वाद्यसंग्रहाची यादी संगणकावर चढवायचं काम मी अंगावर घेतलं. पैसे नव्हते, हौस होती. पिवळी पडलेली कार्डं, त्यावर शाईने लिहिलेली माहिती. रकाने आधीच ठरलेले होते: नाव, प्रकार, साहित्य, मूळ. 'मूळ' या रकान्यात तीनच पर्याय: भारतीय, परकीय, लोकवाद्य. लोकवाद्य म्हणजे भारतीयही नाही आणि परकीयही नाही, असं कुणाला वाटलं होतं कोण जाणे! रबाबाच्या कार्डावर 'परकीय' होतं. सतारीच्या कार्डावर आधी 'परकीय', मग ते खोडून 'भारतीय', मग वेगळ्या शाईत प्रश्नचिन्ह. मी समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांना फोन केला. ते अगदी मनापासून म्हणाले, "अहो, तुम्हीच सांगा ना. सतार तुमच्याच लोकांची ना?"

आणि मी 'हो' म्हणणारच होतो. कारण माझं आजोळ मिरज. लहानपणी सुट्टीत मामू मला सतारमेकरांच्या दुकानांवरून न्यायचा आणि दर वेळी तेच सांगायचा, "देख, ये अपनी चीज है. अमीर खुस्रोने बनाई." शाळेत इतिहासाच्या तासाला जी काही उणीव वाटायची, ती या एका वाक्याने भरून निघायची. त्या दिवशी फोनवर मला पहिल्यांदा प्रश्न पडला की हे मला कशावरून माहीत आहे? 'विचार करून सांगतो' म्हटलं आणि फोन ठेवला. त्या विचारात पुढचे सहा महिने गेले.

पहिली अडचण 'प्रकार' या रकान्याची. ल्यूट म्हणजे नक्की काय? मराठीत या सगळ्या कुळाला एक शब्दच नाही. तंतुवाद्य म्हणावं तर त्यात संतूरही येतं. जगभरातली संग्रहालयं यासाठी एक पद्धत वापरतात. एरिक फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स या दोघांनी ती १९१४ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केली. वाद्य कुठलं, कुणाचं, किती जुनं हे त्यात विचारायचंच नाही. आवाज कशातून निघतो आणि बांधणी कशी आहे, एवढंच बघायचं. प्रत्येक गटाला आकडा, जसे ग्रंथालयात पुस्तकांना असतात.

तंतुवाद्यांसाठी त्यातली कसोटी मला इतकी आवडली की मी ती दोन दिवस ऑफिसात सगळ्यांना ऐकवत होतो. वाद्याचं पोट, म्हणजे भोपळा किंवा पेटी, काढून बाजूला ठेवा. तारा ताणलेल्या राहतात का? राहत असतील तर ते झिदर, मग त्याला कितीही भोपळे लटकवलेले असोत. पोट काढल्यावर वाद्यच मोडत असेल तर पुढचा प्रश्न: तारा पोटाच्या पृष्ठभागाला समांतर धावतात की त्यातून उभ्या निघतात? उभ्या असतील तर हार्प. समांतर असतील तर ल्यूट, गट ३२१. त्यात दांडी किंवा मान असलेली वाद्यं ३२१.३. मान वेगळी जोडलेली आणि पोट वाटीसारखं गोल असेल तर ३२१.३२१. गजाने वाजवता की बोटाने, हा प्रश्न नंतरचा. म्हणून सारंगीही याच घरात येते आणि व्हायोलिनही.

या कसोटीला एक आपल्याकडची बाजूही आहे. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी ज्याच्या कामावर उभारणी केली, तो व्हिक्टर माहियों ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहाचा प्रमुख होता. कोलकात्याच्या राजा सौरींद्रमोहन टागोरांनी १८७६ साली बेल्जियमच्या राजाला शंभराच्या आसपास भारतीय वाद्यं भेट दिली आणि ती त्या संग्रहात गेली. माहियोंने वाद्यांचे जे चार मोठे गट केले, ते नाट्यशास्त्रातल्या तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या चार गटांशी जुळतात. टागोरांच्या पुस्तकांतून ही कल्पना त्याच्यापर्यंत पोचली असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे जर्मन भाषेतल्या त्या यादीच्या पायाशी एक संस्कृत ग्रंथ आहे. आता तिच्या 'मूळ' रकान्यात काय लिहायचं?

ही कसोटी हातात घेऊन मी कार्डं पुन्हा बघायला बसलो आणि नावांचा गोंधळच बाहेर पडायला लागला.

'वीणा' घ्या. समुद्रगुप्ताचं सोन्याचं नाणं तुम्ही शाळेच्या पुस्तकात पाहिलंय, खाली लिहिलेलं असतं 'वीणावादन करणारा राजा'. नीट बघा, मांडीवर धनुष्यासारखं वाकलेलं काहीतरी आहे. तो हार्प आहे. त्या काळात वीणा म्हणजे बहुतेक वेळा तेच. पुढे ते वाद्य आपल्याकडून नाहीसं झालं आणि नाव सरकलं. रुद्रवीणेचे दोन्ही भोपळे सोडले तरी दांडीवर तारा तशाच राहतात, म्हणून ती झिदर. तंजावरची सरस्वती वीणा ल्यूट. आणि कीर्तनात विणेकऱ्याच्या गळ्यात असते ती वीणा? ती छोट्या तंबोऱ्यासारखी, म्हणजे तीही ल्यूट. एका नावाखाली तीन वेगवेगळी कुळं. उलट बगदादचा ऊद आणि पंढरीच्या वाटेवरची वीणा या दोघींचा आकडा एकाच गटातला, ३२१. मी हे दोन्ही नोंदपत्रकं शेजारी शेजारी उघडून बराच वेळ बसलो होतो.

'रबाब' तर आणखी फिरलेला. अरब देशांत आणि इंडोनेशियात हे गजाने वाजवायचं वाद्य, अफगाणिस्तानात तेच नाव छेडून वाजवायच्या वाद्याचं. गुरू नानकांबरोबर भाई मर्दाना जो रबाब वाजवत, तोही छेडूनच वाजवायचा. अफगाण रबाबापासून आपल्याकडे सरोद घडला, आणि त्याचं नाव फारसीत 'गाणं' अशा अर्थाच्या शब्दावरून. 'तंबूर'चं ऐकाल तर थक्क व्हाल. तुर्की तंबूरला लांब मान आणि भरपूर पडदे असतात, आपल्या तंबोऱ्याला एकही पडदा नाही, आणि सुदानमध्ये तंबुरा म्हणतात त्या वाद्याला मानच नसते, दोन दांड्यांमधल्या आडव्या काठीवर तारा बांधलेल्या असतात. तुर्कस्तानात लांब मानेच्या एका ल्यूटला नुसतं 'साझ' म्हणतात. साझ म्हणजे वाद्य. आमच्यात एखादा कंटाळलेला प्रोग्रॅमर असतो, व्हेरिएबलचं नाव 'व्हेरिएबल' ठेवणारा, तसं.

शब्दांनी विद्वानांनाही फसवलंय. प्राचीन इजिप्तमध्ये लांब मानेचे ल्यूट होते, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे खरेखुरे नमुनेही सापडलेत. चित्रलिपीत 'नेफर' नावाचं एक चिन्ह आहे, खाली गोल आणि वर लांब दांडी. जुन्या पुस्तकांनी ठरवून टाकलं की हे ल्यूटचं चित्र, आणि त्या वाद्याला 'नेफर' नाव देऊन टाकलं. आज इजिप्तचे अभ्यासक सांगतात की ते चित्र हृदय आणि श्वासनलिकेचं आहे. पण चुकीचं नाव एकदा पुस्तकात शिरलं की एकातून दुसऱ्यात उतरत राहतं. आमच्या धंद्यात तर याचा रोजचा अनुभव आहे.

मग नाव द्यायचं तरी कसं? मला यात सगळ्यात पटलेला माणूस दहाव्या शतकातला आहे. अल-फाराबी. त्याच्या 'किताब अल-मूसीकी अल-कबीर'मध्ये वाद्यांची प्रकरणं आहेत. तंबूर हे एकच नाव दोन वेगळ्या वाद्यांना लागतं हे त्याला दिसत होतं, म्हणून तो 'बगदादचा तंबूर' आणि 'खुरासानचा तंबूर' असं वेगळं लिहितो. आणि नुसतं गावाचं नाव देऊन थांबत नाही. तारेच्या लांबीत पडदे कुठे बसतात याची मापं काढतो. नाव, गाव आणि माप. मी त्याला मनातल्या मनात सलाम केला आणि माझ्या तक्त्यात 'पडद्यांची जागा' हा रकाना घातला.

उदाच्या तारांची नावंही बघण्यासारखी आहेत. चार तारा: बम्म, मसलस, मसना आणि झीर. मधली दोन नावं अरबी, तिसरी आणि दुसरी अशा अर्थाची. कडेची दोन फारसी, बम म्हणजे खर्ज आणि झीर म्हणजे टीप. उर्दू शायरीत 'ज़ेर-ओ-बम' आपण ऐकतो ना, तेच. वाद्य अरबांचं की इराण्यांचं असं भांडण करायला बसलात तर त्या वाद्याच्या तारांवरच दोन्ही भाषा सापडतात. 'ऊद' या नावाबद्दलही एकमत नाही. आधीच्या वाद्यांच्या पोटावर कातडं असायचं, याच्यावर लाकूड आलं म्हणून 'लाकूड' हे नाव पडलं, असं एक मत. तार या अर्थाच्या फारसी 'रूद'वरून ते आलं, असं दुसरं. इराणात या आखूड मानेच्या वाद्याला बरबत म्हणायचे. त्याचेच भाऊबंद चीनमध्ये पिपा आणि जपानमध्ये बिवा. जपानच्या नारा शहरात शोसोइन नावाचं खजिनाघर आहे, तिथे आठव्या शतकातला पाच तारांचा बिवा जपून ठेवलाय. त्याच्यावर शिंपल्याचं जडावकाम आहे, आणि त्यात उंटावर बसून बिवा वाजवणारा माणूस. जपानमध्ये उंट! मूळ: परकीय, असं त्यांनी लिहिलं असेल का?

आता मामूच्या सतारीकडे.

'सेहतार' म्हणजे तीन तारा, फारसी शब्द. इराणच्या सेतारला आज चार तारा असतात, आपल्या सतारीला मुख्य तारा सहा-सात आणि खाली तरफेच्या अकरा ते तेरा. आकडा नावात गोठला, तारा वाढत गेल्या. अमीर खुस्रोचं निधन १३२५ साली झालं. त्याने स्वतः भरपूर लिहिलंय, त्यात चंग आणि रबाबासारख्या वाद्यांची नावं येतात, पण सतारीचं नाव येत नाही, मग तिचा शोध लावल्याचा दावा कुठून येणार? सतारीचा ठळक उल्लेख मिळतो तो थेट अठराव्या शतकातल्या दिल्लीत. तो ज्याने केला तो माणूस दख्खनचा. दरगाह कुली खान निजामाबरोबर दिल्लीला गेला, १७३८ ते १७४१ च्या काळात तिथलं जे पाहिलं-ऐकलं ते त्याने 'मुरक्का-ए-दिल्ली'त लिहिलं, आणि पुढे तो औरंगाबादचा सुभेदार झाला. त्याच काळात दिल्लीत खुस्रो खान नावाचा एक वादक होता आणि सतारीची परंपरा त्याच्याशी जोडली जाते. अभ्यासकांचं म्हणणं असं की नाव सारखं, त्यामुळे त्याचं श्रेय चारशे वर्षं मागे सरकून मोठ्या खुस्रोच्या खात्यात जमा झालं.

मामूला हे सांगायला मला दोन ईद लागल्या. पहिल्या ईदला हिंमत झाली नाही.

पण ही एकच बाजू सांगून थांबलो तर ती बेइमानी होईल. दुसरीकडे अशी पुस्तकं आहेत जी म्हणतात की सतार म्हणजे प्राचीन त्रितंत्री वीणा, फक्त नाव बदललं. पुरावा काय, तर 'त्रितंत्री' म्हणजे तीन तारा आणि 'सेहतार' म्हणजेही तीन तारा. हा मामूचाच तर्क झाला, फक्त उलट्या दिशेचा. शब्दाचा अर्थ जुळला म्हणून वस्तू एक ठरत नाही, हे आपण समुद्रगुप्ताच्या मांडीवर पाहिलं. आज आपण जी सतार ऐकतो ती लांब मानेच्या, पडदे बांधलेल्या तंबूराच्या घराण्यातली, जी फारसी जगातून इथे आली. मोठा भोपळा, जवारीची रुंद घोडी, तरफ, वाकवलेले पडदे, हे सगळं तिला इथल्या हातांनी दिलं. ती आली आणि इथे दुसरीच झाली. 'भारतीय' आणि 'परकीय' यांपैकी कुठल्याच पर्यायावर मला टिचकी मारता येईना.

मध्येच एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा, राज्यकाळ १५८० ते १६२७. त्याच्याकडे एक लाडका तंबूर होता आणि त्याचं नाव त्याने ठेवलं होतं मोतीखान. हत्तीला ठेवावं तसं. प्रकार नाही, मूळ नाही, नुसतं मोतीखान. एवढी सोपी सूची मला कधी करता येणार नाही.

मिरज त्याच आदिलशाहीत होती. पण मिरजेत सतारी घडायला लागल्या त्या खूप नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. सुरुवात शिकलगारांनी केली. हत्यारं घडवणं, धार लावणं हा त्यांचा धंदा; इंग्रजी अमलात तो बसला, आणि फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता नवी घडवायला घेतली. पुढे सतारमेकर हे आडनावच झालं. सगनभाऊ शाहीरही शिकलगारच, ते आठवलं म्हणून सांगितलं. भोपळे पंढरपूर, मंगळवेढ्याकडचे. त्याच गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे सरकारदरबारी नावात गाव लागलं. फाराबीने 'बगदादचा' आणि 'खुरासानचा' लिहिलं होतं, तसंच.

संग्रहातल्या त्या सतारीचे फोटो मी मिरजेतल्या एका कारागिरांना पाठवले. म्हातारे आहेत, व्हॉट्सअ‍ॅप नातू बघतो. त्यांनी फोटो नाही, व्हिडिओ मागितला, मग वाद्यच घेऊन या म्हणाले. गेलो. त्यांनी तबलीवर बोटाच्या पेराने ठोकलं, दांडी आणि भोपळा जोडणारा गुलू फिरवून पाहिला, पानाची नक्षी अंगठ्याने चाचपली. मग म्हणाले, "ही आमच्याच गल्लीतली. तबली नंतर कुणीतरी बदललीय, आणि वाईट बदललीय." खुस्रोचं मी विचारलं. ते हसले. "ते मोठे लोक. घोडी कोण घासतं ते बघा."

परत येऊन मी 'मूळ' हा रकाना काढून टाकला. समितीत त्यावर दोन बैठका झाल्या, एक जण उठूनही गेले. शेवटी त्याच्या जागी तीन रकाने झाले: नावाची भाषा, बांधणीचा गट, कुठे घडलं. सतारीची नोंद आता अशी आहे: फारसी, ३२१.३२१, मिरज. ज्येष्ठ सदस्यांना फोन करून वाचून दाखवली. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बरं. तबली वाईट बदललीय, तेही लिहा." लिहिलं.

एक कार्ड मात्र अजून तसंच पडलंय. तुणतुणं. त्याची तार तळाच्या कातड्याच्या मधोमध बांधलेली असते आणि वर बाजूच्या काठीच्या खुंटीला ताणलेली. वाजतं काय, तार की कातडं? बंगालच्या अशाच घडणीच्या गोपीयंत्राला १९१४ च्या यादीने छेडून वाजवायच्या ढोलांत टाकलं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी हरकत घेतली, ते म्हणाले हे तंतुवाद्यच. मी दोनदा इकडून तिकडे हलवलं आणि शेवटी 'प्रकार' रिकामा ठेवला. तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनं तुणतुणं असेल, आजोबा पोवाड्याच्या मागे उभे राहत असतील, तर चहाच्या वेळी मला गाठा. हलाल-हरामवाल्यांच्या आधी तुमचा नंबर.